बदललेला नियम कोणाच्या लक्षात राहतो? हुकूमशाहीच्या कादंबऱ्या गावात कशा वाचायच्या

डिस्टोपियन कादंबरी म्हणजे बिघडलेल्या समाजाची गोष्ट. त्यात एक राज्य असतं. ते लोकांच्या भल्यासाठीच चाललंय, असं रोज सांगितलं जातं. माणसाकडे मात्र स्वतःचं म्हणावं असं काही उरलेलं नसतं. बोलणं नाही, आठवण नाही, कधी कधी नावसुद्धा नाही. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या 'वुई' या कादंबरीत लोकांना नावांऐवजी क्रमांक आहेत, घरांच्या भिंती काचेच्या आहेत आणि पडदा ओढायला चिठ्ठी लागते. ती कादंबरी त्याच्या देशात छापली जायला १९८८ उजाडलं.

या पुस्तकांबद्दलचा मोठा गैरसमज असा, की ती भविष्य सांगतात. मग वाचणारा मोबाइल, कॅमेरा, आधार असं एकेक मोजत बसतो आणि 'हे खरं झालं, हे नाही झालं' असा हिशेब करतो. पण हे लेखक भविष्य सांगत नव्हते, पाहिलेलं लिहीत होते. '१९८४' लिहिणारा जॉर्ज ऑरवेल १९०३ मध्ये बिहारमधल्या मोतीहारीत जन्मला, ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलिसात होता आणि स्पेनच्या यादवी युद्धात लढताना त्याला गळ्यात गोळी लागली. जिथे लढाई झालीच नाही तिथल्या मोठ्या लढायांच्या बातम्या त्याने तेव्हाच्या वर्तमानपत्रांत वाचल्या. कॅनडाच्या मार्गारेट ॲटवुड यांनी 'द हँडमेड्स टेल' (१९८५) लिहिताना स्वतःला नियम घातला होता, की इतिहासात कुठेतरी माणसांनी केलेलं नाही असं काही पुस्तकात घालायचं नाही.

म्हणून यंत्रं मोजण्यापेक्षा पायऱ्या मोजाव्यात. आधी काय गेलं, मग काय गेलं, प्रत्येक वेळी कारण काय दिलं, आणि त्या पायरीवर 'काहून?' असं कोण विचारू शकलं असतं? खरा इशारा या क्रमात असतो. शेवटचा छळ, तुरुंग, फाशी हे सगळं भयंकर असतं, पण तिथवर येईपर्यंत वाचवण्यासारखं फार थोडं राहिलेलं असतं.

दुधापासून सुरुवात

क्रम शिकायला ऑरवेलच्याच 'ॲनिमल फार्म'इतकं सोपं पुस्तक दुसरं नाही. १९४५ मध्ये आलं, दहा अध्यायांचं आहे, आणि त्यातली पात्रं म्हणजे घोडा, गाढव, बकरी, मेंढ्या, डुकरं आणि कुत्री. शेतमालक जोन्सला जनावरं हाकलून देतात आणि गोठ्याच्या डांबर लावलेल्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत सात नियम लिहितात. त्यात चौथा नियम असा, की कुठल्याही जनावराने पलंगावर झोपायचं नाही. पाचवा दारूबंदीचा, सहावा एकमेकांना मारायचं नाही असा, आणि सातवा सगळी जनावरं समान असल्याचा.

पहिली चोरी दुधाची होते, तीही मालक गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. पाच बादल्या दूध निघतं. सगळे गवत कापायला जातात आणि परत येतात तेव्हा दूध नसतं. कोणी फारसं बोलत नाही. पुढच्या अध्यायात कळतं, की दूध आणि सफरचंदं डुकरांच्या खाण्यात जातात. कारणही तयार असतं. आम्ही डोक्याने काम करतो, आम्हाला नाही मिळालं तर जोन्स परत येईल, आणि जोन्स परत यावा असं तुमच्यापैकी कोणाला वाटतं का? या प्रश्नावर बोलती बंद होते. पुस्तकात पुढे हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. 'नाहीतर ते परत येतील' असं म्हटलं की हिशेब विचारणाराच शत्रूच्या बाजूचा ठरतो.

मग रविवारची सभा बंद होते. याच सभेत सगळ्यांचं काम ठरत असे. तीही एकदम बंद होत नाही. आधी मेंढ्यांना एक घोषणा शिकवली जाते, आणि विरोधी मुद्दा मांडायची वेळ आली की त्या नेमक्या तेव्हाच ओरडू लागतात. दुसरीकडे नेपोलियन नावाच्या डुकराने नऊ पिल्लं आईपासून तोडून 'शिक्षणासाठी' माळ्यावर नेलेली असतात. ती मोठी होऊन बाहेर येतात तेव्हा नऊ दांडगी कुत्री झालेली असतात. सभा बंद झाल्याचं त्यानंतर जाहीर होतं. दूध, घोषणा, कुत्री, सभा हा क्रम वाचकांनी पाठच करावा. सभा संपली आणि तिथून पुढे काहीच विचारायची जागा राहिली नाही.

आता भिंतीचं पाहू. डुकरं मालकाच्या घरात पलंगावर झोपू लागतात. क्लोव्हर नावाच्या घोडीला वाटतं, असं करायचं नाही असा काहीतरी नियम होता. तिला सुटी अक्षरं तेवढी येतात. ती म्युरिएल बकरीला वाचायला सांगते. भिंतीवर आता लिहिलेलं असतं, की चादर घातलेल्या पलंगावर कुठल्याही जनावराने झोपायचं नाही. क्लोव्हरला चादरीचं आठवत नाही. पण भिंतीवर आहे म्हणजे असणारच, असं म्हणून ती गप्प बसते. पुढे जनावरांनाच ठार केलं जातं, आणि सहाव्या नियमात 'कारणाशिवाय' हा शब्द शिरलेला असतो. दारूच्या नियमात 'जास्त प्रमाणात' येतं. एका रात्री भिंतीपाशी मोडलेली शिडी, कंदील, ब्रश आणि सांडलेला पांढरा रंग सापडतो, शेजारी नेपोलियनच्या बाजूने बोलणारं बोलघेवडं डुक्कर, स्क्वीलर, पडलेलं असतं. तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही.

एकाच्या डोक्यात पडतो. बेंजामिन नावाचं गाढव डुकरांइतकंच चांगलं वाचतं. पण वाचून काही फायदा नाही, असं त्याचं मत. क्लोव्हर सहावा नियम वाचून दाखवायला सांगते तेव्हा तो नकार देतो, मला या भानगडीत पडायचं नाही म्हणतो. शेवटी त्याचा जिवाभावाचा मित्र बॉक्सर, आयुष्यभर राबलेला घोडा, दवाखान्याच्या नावाखाली गाडीत घातला जातो. तेव्हा बेंजामिन धावत येतो आणि गाडीवरची पाटी मोठ्याने वाचतो. ती खाटकाची गाडी असते. पण त्याच क्षणी गाडी निघते.

या पुस्तकातला सर्वांत मोठा दोषी कोण, यावर वाचकांची मतं वेगळी होतात. आमच्या मते सर्वांत जास्त बोलायला हवं ते बेंजामिनबद्दल. नेपोलियनसारखे सगळीकडे असतात. पण ज्याला वाचता येतं, कागद कळतो आणि तरी जो 'आपल्याले काय करायचं' म्हणून बाजूला बसतो, त्याच्याशिवाय नेपोलियनचं चालत नाही.

तीस ग्रॅमचे वीस

'१९८४' ही कादंबरी ८ जून १९४९ ला आली. तिचं नाव निघालं की सगळे घरातल्या टीव्हीसारख्या पडद्याबद्दल बोलतात. तो पडदा दाखवतो तसा पाहतोही. पण पाळत हा तिथला अर्धाच भाग आहे. दुसरा अर्धा नायकाच्या नोकरीत आहे. विन्स्टन स्मिथ सरकारी कार्यालयात जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करतो. सरकारने आधी दिलेलं वचन असतं, की यंदा चॉकलेटचं रेशन कमी होणार नाही. आता ते आठवड्याला ३० ग्रॅमवरून २० ग्रॅम होणार असतं. विन्स्टन जुन्या अंकातलं वचन काढतो आणि त्या जागी 'कदाचित कपात करावी लागेल' असा इशारा घालतो. जुना अंक जाळला जातो, सुधारलेला कपाटात जातो. लगेच बातमी येते, की रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मोर्चे काढून आभार मानले. घोषणा होऊन एक दिवस झालेला असतो, आणि आजूबाजूचे लोक ते खरं मानतात.

हा प्रसंग रेशन घेणाऱ्या कोणालाही लगेच कळतो. कोटा कमी होणं ही एक गोष्ट, त्याविरुद्ध तक्रार करता येते. पण आधी किती मिळत होतं याचा कागदच नसेल तर कमी झालं हे सांगणार कसं? जुनी पावती हातात असलेला माणूस त्या राज्याला पेटलेल्या भाषणापेक्षा जास्त अडचणीचा वाटतो.

ॲटवुड यांच्या कादंबरीत हीच गोष्ट पैशाच्या वाटेने येते. नायिका दुकानात कार्ड देते, ते चालत नाही. त्याच दिवशी तिच्यासकट सगळ्या बायकांना ग्रंथालयातल्या नोकरीवरून काढलं जातं. मग कळतं, की बायकांची बँक खाती गोठवली आहेत आणि पैसा नवऱ्याच्या किंवा घरातल्या पुरुषाच्या ताब्यात जाईल. त्यासाठी फक्त काही बटणं दाबावी लागतात. नवरा वाईट नाही. तो म्हणतो, मी तुझी काळजी घेईन. त्या वाक्याने तिला बरं वाटत नाही, कारण काल ती त्याच्या बरोबरीची होती, आज त्याच्या काळजीवर आहे. बचत गटात पुस्तक वाचलं तर हे पान दोनदा वाचावं. खातं कोणाच्या नावावर, मोबाइल नंबर कोणाचा जोडलेला, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, पासबुक कोणाकडे, या चार प्रश्नांची उत्तरं प्रत्येकीने त्याच बैठकीत तपासावीत.

जबरदस्ती न करता

सगळी नियंत्रणं दंडुक्याने होत नाहीत. ऑल्डस हक्स्लीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (१९३२) आठ महिन्यांच्या बाळांसमोर पुस्तकं आणि गुलाबाची फुलं ठेवतात. ती हात लावायला गेली की भोंगा वाजतो आणि विजेचा झटका बसतो. मोठी झाल्यावर त्यांना पुस्तक नकोसंच वाटतं, बंदी घालायची गरज राहत नाही. मन उदास झालं तर औषधाची गोळी आहेच. रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'मध्ये (१९५३) अग्निशमन दलाची माणसं पुस्तकं जाळतात. पण त्यांचा प्रमुख स्वतः सांगतो, की याची सुरुवात सरकारने केली नाही, लोकांनीच वाचणं सोडलं होतं. नायकाच्या घरी तीन भिंतींवर टीव्ही आहे, बायकोला चौथ्या भिंतीवर हवा आहे. त्याची किंमत दोन हजार डॉलर, म्हणजे त्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा.

विदर्भातल्या वाचकाला जवळची वाटेल ती ई. एम. फॉर्स्टरची १९०९ मधली दीर्घकथा, 'द मशीन स्टॉप्स'. माणसं जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात, खाणं, हवा, गाणं, बोलणं सगळं यंत्र देतं. यंत्र बिघडायला लागतं. गाण्यात खरखर येते. तक्रार केली तर समिती म्हणते, योग्य ठिकाणी कळवलं जाईल. दुरुस्ती करणारं यंत्रच बिघडलेलं असतं. काही दिवसांनी लोकांना खरखरीची सवय होते, तक्रार करणं बंद होतं.

कापूस वेचून आणि निंदण करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा ई-पॉस मशीनवर उमटत नाही तेव्हा 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' हे उत्तर त्यांना ओळखीचं असतं. इथे वाचकाने घाई करू नये. रेशनचं मशीन म्हणजे हुकूमशाही नव्हे. मशीनमुळे खोट्या नोंदी पकडता येतात, हेही खरं आहे. फरक तीन गोष्टींनी ठरतो. मशीन अडलं तर दुसरा मार्ग आहे का? निर्णय घेणारा माणूस सापडतो का, की प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो? आणि आपल्याबद्दलची नोंद आपल्याला पाहता, दुरुस्त करता येते का? तिन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर फॉर्स्टरची गोष्ट गावात आलेली आहे.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर वर्ध्याजवळचं पवनार आठवा. २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली तेव्हा विनोबा वर्षभराच्या मौनात होते. त्यांनी लिहून दाखवलेला 'अनुशासन पर्व' हा शब्द सरकारने आणीबाणीच्या प्रचारासाठी देशभर वापरला. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला, की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन. पण तोवर शब्द सगळीकडे पोचला होता. पुढे १९७६ मध्ये त्यांनी गोहत्याबंदीसाठी उपोषण जाहीर केलं, तेव्हा ती घोषणा छापणाऱ्या आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले. ज्याचा शब्द उचलला, त्याचंच मासिक उचललं. त्याच काळात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी आणीबाणीला विरोध करणाऱ्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला उभं केलं. पुढे त्यांना अटक झाली.

वाचनालयात, समाजमंदिरात

एकट्याने वाचलं तर ही पुस्तकं फक्त भीती देतात. चारचौघांत वाचली तर कामाला येतात. तूर निघून गेल्यावर, हरभऱ्याची घाई सुरू व्हायच्या आत संध्याकाळी जमणं सोयीचं. आठ ते बारा माणसं पुरे. 'ॲनिमल फार्म' आणि '१९८४' यांचे मराठी अनुवाद झालेले आहेत. वाचनालयात नसतील तर ग्रंथपालाला खरेदीच्या यादीत घालायला सांगावं. एका बैठकीला 'ॲनिमल फार्म'चा एक अध्याय मोठ्याने वाचावा, साधारण अर्धा तास लागतो. तितकाच वेळ बोलायला ठेवावा.

पहिल्या दिवशी सात नियम फळ्यावर लिहा आणि दोघांना ते वहीत उतरवून घ्यायला सांगा. बाकीच्यांनी नुसते ऐकायचे. सहाव्या अध्यायाच्या दिवशी वही बंद ठेवून प्रत्येकाला चौथा नियम तोंडी म्हणायला लावा. निम्मे लोक चुकतात किंवा शेजाऱ्याकडे पाहून म्हणतात. क्लोव्हरचं काय झालं ते तेव्हा कळतं, समजावून सांगावं लागत नाही. मग वही उघडा.

दुसरं काम तक्त्याचं. मोठ्या कागदावर चार रकाने आखा: काय बदललं, कारण काय सांगितलं, कोणी विचारलं, उत्तर काय मिळालं. प्रत्येक अध्यायानंतर एकेक ओळ भरायची. पाचव्या अध्यायानंतर तिसरा रकाना कोरा पडू लागतो. तो कोरा रकाना सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर राहू द्या.

बैठक फसते ती बहुतेक दोन ठिकाणी. एक, कोणीतरी पहिल्याच दिवशी एका पक्षाचं नाव घेतं, दुसरा चिडतो आणि पुस्तक बाजूला राहतं. त्यासाठी पहिल्या अर्ध्या वेळात फक्त पुस्तकातल्याच नावांनी बोलायचं ठरवा. नेपोलियन म्हणायचं, आणखी कोणाचं नाव नाही. दुसरं, मास्तर किंवा शिकलेला पोरगा सगळ्याचा अर्थ सांगून मोकळा होतो आणि बाया मागे भिंतीला टेकून ऐकत बसतात. वर्तुळात बसा, आणि ज्याने वाचलं त्याने पहिला अर्थ सांगायचा नाही.

दहा अध्याय झाले की तोच तक्ता गावाच्या कागदांना लावा. ग्रामसभेच्या प्रोसिडिंगपासून, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदवहीपासून सुरुवात करावी. हजेरीच्या सह्या घेताना ठरावाचा मजकूर आधी लिहिलेला आहे की पान कोरं आहे, ते पाहा. मजकुराखाली मोकळी जागा असेल तर तिथे रेघ मारायला सांगा. ती जागा म्हणजे स्क्वीलरची शिडी टेकायची भिंत. सभा संपल्यावर ठराव मोठ्याने वाचून दाखवायला लावा. नक्कल मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. वर्षभराच्या नकला एका फायलीत, शक्यतो दोन घरी ठेवाव्यात.

सभा जिवंत कशी ठेवायची याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने ग्रामसभेचे निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घ्यायचं ठरवलं आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे अभ्यासगट वेगळा चालतो. त्यात नुसती चर्चा होते, प्रश्न समजून घेतला जातो, आणि निर्णय ग्रामसभा घेते. ओरडणाऱ्या मेंढ्यांचा अशा सभेत उपयोग होत नाही, कारण एकाचीही शंका उरली तर विषय पुढे ढकलला जातो.

'ॲनिमल फार्म' झाल्यावर '१९८४' घ्या. मध्ये फॉर्स्टरची कथा एका बैठकीत सांगून टाका. '१९८४' अंधारी आहे, तिसरा भाग छळाचा आहे, शाळकरी पोरांसमोर मोठ्याने वाचू नये. पण पुस्तकाच्या शेवटी त्या राज्याच्या भाषेबद्दल एक परिशिष्ट आहे, ते कंटाळवाणं समजून सोडू नका. अमेरिकेतल्या एका पुस्तक मंडळाने ते वगळायची अट घातली होती आणि ऑरवेलने ती मानली नव्हती. परिशिष्ट भूतकाळात लिहिलेलं आहे, त्या राज्याबद्दल 'होतं' असं म्हणतं. म्हणून काही वाचक म्हणतात, की ते राज्य पुढे पडलं असावं. ॲटवुड यांच्या कादंबरीलाही असंच शेपूट आहे. त्यात २१९५ सालच्या परिषदेत प्राध्यापक त्या राज्याचा इतिहास तपासत असतात, आणि त्यांच्याकडे पुरावा म्हणून असतात एका बाईने आवाजात नोंदवून लपवून ठेवलेल्या कॅसेट.